निळ्या काठाचं लुगडं

अकोला, १२ जानेवारी

गं. भा. बेबीताई यायले,

पयले आले ते पुंजाजी. चपला काढाच्या आधी त्याईनं खिशातून मोबाइल काढला, डोळ्याजवळ नेला, लांब केला, अन् दुकानाच्या फळीवर माह्यापुढं ठेवून म्हणे, "पार्बता, हे तूच व्हय का वो?"

म्या म्हटलं, "पाठीवरून ओळखता का दुसऱ्याच्या बायकाईले?"

हासता हासता त्याईले खोकला आला. पाणी देलं. डोळे दाखवाले अकोल्याले आलते म्हणे, पण डॉक्टरच्या आधी माह्या दुकानात आले. महादेवाचा गुरव माणूस, गावातल्या साऱ्या बातम्या त्याच्याच घंटेखालून जातात. त्याच्या मागून शेजारची टमाटेवाली आली, मंग समोरच्या बुद्धविहारातल्या दोघी आल्या, त्या तं रोजच येतात फुलाईले. सारे तो एक फोटो पाहून राहिले. अन् त्या फोटोत मी हाय कुठं? नुसती पाठ.

पुंजाजी म्हणे, "लंकेत गेलती म्हणतात. रावण भेटला का?"

म्या म्हटलं, "त्याच्यासाठी लंकेत कायले जा लागते? गावाकडची दर्यापूरची एसटी धरली का झालं."

करिश्मा, तू हे वाचून दाखवून राहिली ना सासूले? गाळू नको. एक अक्षर गाळू नको, तुले माही शपथ.

बेबीताई, वर नावामागं गं. भा. लिवलं ते पाहून सून अडखळली असन. अडखळासारखं काय हाय त्याच्यात? एकोणीस वर्षं तुमच्या घरच्या पत्रिका मले येऊन राहिल्या, लग्नाच्या, बारशाच्या, वास्तूच्या, अन् साऱ्याईवर माह्या नावामागं गं. भा. एकदाही चुकलं नाही. छापखान्यात तुमी बजावून सांगत, हे मले ठाऊक हाय. आता कार्तिकात भासरे, तुमचे घरचे, गेले. म्या म्हटलं, चला, पयलं पत्र आपणच लिवू.

फोन नाही केला. फोन तुमी कानाले लावसान अन् माहा आवाज आइकून खाली ठेवसान. पत्राचं तसं नाही. तुमाले अक्षर येत नाही, म्हणून कोणी तरी मोठ्यानं वाचाच लागते, अन् आपल्या घराच्या भिंती मले ठाऊक हायेत, इकडे खोकललं तं तिकडे आइकू जाते. मी चौथीलोक शिकली, मले लिवता येते. अबोली म्हणे आजी मी लिवून देते. म्या म्हटलं नको. नात चांगली हाय पण ती गोड करून लिवते.

तं लंका. अबोलीले पुण्यात नोकरी लागली कंप्युटरची, अन् तिच्या मनात आलं का आजीले इमानात बसवाचं. माहा मनोज, त्याची बायको, अबोली अन् मी. मुंबईच्या इमानतळावर माह्या बटव्यातली सुई काढून घेतली एका पोरीनं. दोऱ्याची गुंडी राहू देली. म्या म्हटलं, "बाई, सुईनं मी काय करीन, इमान शिवीन?" ती हासली, पण सुई काही देली नाही. वर ढग पायाखाली होते, मनोजची बायको डोळे मिटून बसली, मी खिडकीले नाक लावून. भजे नव्हते देले, कायतरी थंडगार पाव देला.

कँडी म्हणून गाव हाय तिकडं, डोंगरात, मधात मोठं तळं. तळ्याच्या काठी बुद्धदेवाचं मंदिर. आत बुद्धदेवाचा दात हाय. सोन्याच्या डब्यात डबा, त्याच्यात डबा, असे किती तरी. दात कोणाले दिसत नाही, डबा दिसते, तोही दुरून. तेवढ्यासाठी साऱ्या दुनियेतून लोक येतात. आपण तं महादेवाले हात लावून पाणी घालतो. म्हणजे तुमी घालता. मी पायरीच्या खाली.

जाच्या आधी सामान भरता भरता अबोली म्हणे, "आजी, तिथं मंदिरात पांढरं नेसतात. तुह्याजवळ हाय का काही?"

आता सांगा बेबीताई, माह्याजवळ पांढरं हाय का?

ट्रंकीत सगळ्यात खाली होतं. निळ्या बारीक काठाचं. माह्या घरच्याच्या तेरवीले तुमी माह्या मांडीवर टाकलं होतं ते, साऱ्या पाहुण्याईसमोर. तुमी म्हटलं होतं, "आता हे नेसा, अन् देवाच्या पायरीपासून लांब राहा." मी ते नेसली नाही. फेकलंही नाही. एकोणीस वर्षं डांबराच्या गोळ्या बदलवत राहिली.

अबोली म्हणे, "हे? हे तेच ना?" पाच वर्षाची होती ती तवा, पण पोरीले सारं याद हाय. ती म्हणे, "आजी, त्या दिवशी बकरीनं आख्खा हार खाल्ला होता का वो? का दोरा ठेवला होता?"

करिश्मा, तू तवा या घरात नव्हती म्हणून तुले सांगते. शिवरातीले महादेवाले पयला हार आपल्या माळ्याच्या घरचा. फुलं आपल्याच मळ्यातली, बांधाची घरच्या सुनाईनं, अन् सुनेनंच पायऱ्या चढून गुरवाच्या हाती द्याचा. मंगच यात्रा सुरू. अठ्ठावीस शिवराती तो हार म्या बांधला अन् म्या नेला, कावून का तुह्या सासूच्या गाठी सैल पडत. ती सोता म्हणे तसं. माहा माणूस गेल्यावर दोन महिन्यानं शिवरात आली. म्या हार बांधला, अबोलीले बोटाशी धरलं, अन् निघाली. तिसऱ्या पायरीवर तुह्या सासूनं तो माह्या हातातून हिसकला. "पांढऱ्या कपाळाचा हार देवाले नाही चालत," अन् खाली बांधलेल्या बकरीपुढं टाकला. सारं गाव उभं होतं. पुंजाजी वरून पाहून राहिले होते, तेही काही बोलले नाही. आज त्याईले पाणी पाजलं, पण हे म्या त्याईले आइकवलं.

पंधरा दिवसात आमी अकोल्याले आलो.

तं त्या कँडीत मी तुमचं लुगडं नेसून गेली. अन् बेबीताई, काय सांगू! साऱ्याच पांढऱ्या. नवरी झालेली पोरगी पांढरी, पोटुशी बाई पांढरी, म्हातारी पांढरी, लेकरं पांढरी, माणसं पांढरी. कोणाचा नवरा हाय, कोणाचा नाही, कोणी सांगून दाखवावं! मले कोणी इचारलं नाही. मी आजूबाजूले पाहत होती, आता इचारन कोणी, आता इचारन. उलटी एक बाई मले हातानं पुढं सरकवे, का तुमी म्हाताऱ्या, तुमी पयले जा.

मले फोटो पायजे होता. कोणासाठी ते तुमी जाणता. मी बुद्धदेवाकडे पाठ करून उभी राहिली, पदर नीट केला, तं राखणदार धावत आला. देवाकडे पाठ करून फोटो काढत नाहीत म्हणे तिकडं, देवाचा अपमान होते. मंग म्या देवाकडे तोंड केलं अन् अबोलीनं मागून काढला, गावच्या ग्रुपवर टाकला.

म्हणून त्या फोटोत माही पाठ तुमच्याकडे हाय. एकोणीस वर्षांपासून होतीच. आता फोटो निघाला.

पार्बता


अकोला, २१ जानेवारी

गं. भा. बेबीताई,

पत्र पोचलं अन् घरात काय झालं हे मले परवाच समजलं. पुंजाजीच्या चष्म्याचा नंबर चुकला होता, म्हणून ते पुन्हा आलते. म्या पयले चहा मांडला, मंग म्हटलं, सांगा, अन् हळू सांगा, घाई नको.

तुमी म्हणे असं बोलल्या: "पाठ काय, कोणाचीही असू शकते. पांढऱ्या लुगड्याच्या बाया का कमी हायेत दुनियेत?"

बरं. करिश्मा, तो फोटो पुन्हा काढ अन् दोन बोटाईनं मोठा कर. खाली ये, टाचेजवळ, काठाले लागून. पानाएवढा पिवळा डाग दिसते का? तो इस्तरीचा डाग हाय. तुह्या सासूनं साऱ्या गावाले सांगितलं का जावेले दर्यापूरहून नवं लुगडं आणून देलं. देलं ते इस्तरीनं जळलेलं, सोताच्या घरात दोन वर्षं पडलेलं. तिच्या हातानं जळलं अन् माह्यासाठी काढलं. ही पाठ कोणाचीही नाही. ही ज्या लुगड्यात हाय ते लुगडं बेबीताईचं हाय.

पण पुंजाजी म्हणे, करिश्मानं मोठा करून पाह्यला केव्हाच! तुमच्यासमोरच पाह्यला, अन् मोबाइल तुमच्या मांडीवर ठेवला. तसाच ठेवला का, जसं तुमी लुगडं टाकलं होतं? मले हे आइकून इतकं बरं वाटलं का म्या पुंजाजीले दुसरा कप देला, साखर जास्त टाकून, त्याईले साखर हाय हे इसरून.

अन् पुढचं तं म्या त्याईच्याकडून तीन खेप सांगून घेतलं. तुमचं कपाळ आता माह्यासारखंच, म्हणून यंदाचा हार करिश्मानं न्याचा, हे तुमीच ठरवलं. तुमच्याच कायद्यानं तुमी पायरीच्या खाली. अन् करिश्मा म्हणे, "मी नाही जात. उद्या आमच्या घरचे गेले तं मलेही बकरीच दाखवसान."

अशीच म्हणे. साऱ्या घरात. पत्र हातातच होतं.

म्या त्या दिवशी पुरणाच्या पोळ्या केल्या. मनोज कामावरून आला तं म्हणे, "माय, आज कायचा सण वो?" म्या म्हटलं, खाय गुमान. अबोलीले फोनवर सांगितलं, तं ती म्हणे, "आजी, तू लय खराब हाय." पण हासत होती.

म्या मागच्या पत्रात एक गोष्ट नव्हती लिवली. हार तिथंही बांधला म्या.

मंदिराच्या बाहेर फुलवाल्या बसतात. हारोहार दुकानं. चाफा, मोगरा, अन् कमळं निळी-जांभळी, पाकळ्या अशा हातानं मागं दुमडून ठेवलेल्या. मले पाहूनच हात शिवशिवले. अबोलीनं एक ताटली फुलं घेतली, सुटी. म्या म्हटलं हे काय, फुलवालीनं बांधून नाही देलं? तिथंच फुलवालीच्या बाजूनं बसली, बटव्यातून गुंडी काढली, मोगरा घेतला, गाठ मारली, चाफा घेतला, गाठ. सुई कायले पायजे? तुमाले ठाऊक हाय माहा हात. रांग पुढं सरकली, मनोजची बायको लाजेनं लाल झाली, अन् मी बोलता बोलता हातभर हार बांधून टाकला. फुलवाली पाहून राहिली होती, तिनं दुसऱ्या फुलवालीले बोलावलं, तिनं तिसरीले.

मंग त्या पहिलीनं माहा हात धरला अन् मान हालवली. नाही. हार नाही घालत तिथं. फुलं सुटी ठेवतात, ताटात, मोकळी.

बेबीताई, हार अन् "नाही".  मी फुलवालीच्या फळीवर तशीच बसून राहिली. मले वाटलं, इथंही कोणी कळवून ठेवलं का काय?

पण ती बाई कायले वाईट बोलते! तिनं माह्या बाजूले बसून एकेक गाठ सोडली, नखानं, फूल न दुखवता. मीही सोडू लागली. दोघीईनं मिळून सोडला. फुलं ताटलीत परत गेली, दोरा राहिला, तो तिनं गुंडाळून माह्या हातात देला. आपल्यासारखाच नेम तिचा, एकाही फुलाचा वास घेतला नाही तिनं, तोंड बाजूले करून काम केलं. भाषा ना तिले माही समजे ना मले तिची. पण फुलवाली ते फुलवाली.

आत ढोल वाजत होते. दार उघडलं, सोन्याचा डबा दिसला, अन् म्या फुलं ठेवली. माह्या हातानं. मधात कोणी नाही. न गुरव, न जाऊ.

तिथं लोक काय मागतात मले ठाऊक नाही. चांगलंच मागत असतीन, शांतीचंच ठिकाण ते. म्या सरळ म्हटलं, देवा, बेबीताई एकदा तरी त्या तिसऱ्या पायरीवर उभी राहू दे, अन् सारं गाव खाली राहू दे, अन् तिच्या हातात हार राहू दे, अन् तिले समजू दे का पुढं कसं होते ते.

बाहेर येताना एका भंतेजीनं हाताले पांढरा दोरा बांधला. माह्या मनात काय होतं हे त्याले ठाऊक असतं तं बांधला असता का? अबोली म्हणे साऱ्याईलेच बांधतात. तो अजून माह्या मनगटावर हाय, मळला हाय, सोडला नाही.

पार्बता


अकोला, ९ फेब्रुवारी

बेबीताई,

नत्थुजी समोर बसले हायेत, चहा पिऊन राहिले. बाजूले पुंजाजी, नव्या चष्म्यात. म्या त्याईले म्हटलं, थांबा, उत्तर तोंडी नाही देत, लिवून देते, अन् दुकानाची वही घेऊन बसली. अक्षर घाईचं हाय, करिश्माले लागन वाचाले.

मंदिराचे अध्यक्ष झाले म्हणून नत्थुजी लय घुमवून बोलतात. आधी हवा-पाणी झालं, मंग मनोजची तब्येत, मंग लंकेत नारळ कसे असतात ते. म्या काही मदत केली नाही. शेवटी म्हणे, "पार्बताबाई, शिवरात आली. हाराचं काय करू? करिश्मा आइकत नाही. दर्यापूरहून इकत आणला तं यात्रा काय म्हणन? तुमी या. तुमचाच मान व्हय तो. जुनं झालं ते."

म्या म्हटलं, "तुमच्यासाठी जुनं झालं. बकरीले इचारा."

त्याईनं संगं एक पिशवी आणली. शेवंती. म्हणे मळ्यातून आणली, यंदाची फुलं कशी हायेत पाहा. म्या इचारलं, कोणी खुडली? म्हणे, "खुडली कोणी तरी, गड्यानं."

नत्थुजी खोटं बोलतात. म्या पिशवी उघडली अन् देठ पाह्यले. दोन बोटं देठ ठेवलेले, साऱ्याईचे सारखे, नखानं खुडलेले, एकही ओरबाडलेला नाही. गडी असा खुडते का? अशी फुलं दुनियेत दोनच बाया खुडतात. एक मी. अन् एक जिनं मले शिकवलं.

सोळा वर्षाची आलती मी या घरात. तुमी मळ्यात नेऊन माहा अंगठा धरून दाखवलं होतं, असं नाही वो, असं, ओरबाडलं तं दुखते झाडाले. ते मले याद होतं, पण एकोणीस वर्षं म्या ते याद करू देलं नाही सोताले. अन् आणखी एक. भासरे गेले तवा मी आली नाही. मनोजले पाठवलं. आमी गाव सोडलं त्या दिवशी माही ट्रंक भासऱ्याईनंच डोक्यावर घेऊन एसटीत चढवली होती, तुमाले न सांगता, अन् अबोलीच्या हातात शेंगदाण्याचा लाडू देला होता. ते गेले तं मी इथं दुकान बंद करून रडली. तुमच्याकडे येऊन नाही रडली. हे मले लिवाचं नव्हतं.

पण म्हणून माहा राग गेला असं समजू नका. फुलं पाठवून जात नाही तो.

मी येते. हार बांधते. पण माही अट हाय, अन् ती म्या नत्थुजीले आताच सांगितली. हाराचं एक टोक माह्या हातात, दुसरं बेबीताईच्या. दोघी गं. भा., साऱ्या गावासमोर, पायऱ्या चढून जाऊ. अन् तिसऱ्या पायरीवर थांबू. मी सांगन तवा पुढं.

नत्थुजीनं बशी खाली ठेवली. म्हणे, "हे तिले सांगितलं तं ती मरून जाईन."

म्या म्हटलं, "नाही मरत. मीही नाही मेली."

पुंजाजीले म्या इचारलं, तुमी काय करसान? मागच्या बारीसारखे वर उभे राहून पाहसान? त्याईनं चष्मा पुसला. मंग म्हणे, "मी पायऱ्या उतरून खाली येईन. हार खालीच घेईन तुमच्या हातून, अन् तुमच्यासंगं वर जाईन." 

हे मी तुमच्या भल्यासाठी करून राहिली असं कोणी म्हटलं तं मानू नका. मले तुमाले तिथं पाह्याचं हाय. खाली लोक कसे पाहतात, मान कशी भरून येते, हातातल्या फुलाईचं वजन कसं होते, हे तुमाले एकदा समजलं पायजे. त्याच्यापुढं तुमी वर गेल्या तं गेल्या. मी हार ओढून घेणार नाही. मले येते तसं करता, पण करणार नाही, अन् हे तुमाले साऱ्या पायऱ्या चढत वाटत राहीन का पार्बता आता ओढन, आता ओढन. तेवढं मले पुरे.

या पिशवीत तुमचं लुगडं परत पाठवून राहिली. तुमची वेळ आली तवा कोणी देलं का तुमाले असं, मांडीवर टाकून? करिश्मा तशी नाही, म्हणून देलं नसन. मी टाकून नाही देत, घडी करून देते. धुतलं, नीळ देली, इस्तरी केली. इस्तरी म्या केली, तं नवा डाग पडला नाही. शिवरातीले हेच नेसा. जुना डाग लपवू नका, काठ बाहेरून येऊ द्या.

अन् मी काय नेसन? अबोलीनं पुण्याहून हिरवं आणलं हाय, जरीचं. तेच नेसन मी. पाहू द्या गावाले.

दोरा तुमी आणू नका. तो कँडीतला दोरा माह्याजवळ हाय, एका हाराच्या गाठी सुटलेला. त्यालेच पुढं नवा दोरा जोडीन. फुलं मात्र तुमीच खुडा, दोन बोटं देठ ठेवून. दुसऱ्यानं खुडलेली मी बांधणार नाही.

नत्थुजीनं चहा संपवला. घड्याळाकडे पाहून राहिले, दर्यापूरची गाडी हाय त्याईची. म्हणतात, बेबीताई हो म्हणो का नाही म्हणो, आमी आइकून परत येतो. म्या इचारलं, दोघंच येसान का तिघं?  पुंजाजी पायात चपला घालता घालता म्हणे, बाजेवर एक जागा रिकामी ठेव.

शुक्रवारी येतो म्हणाले, दहाच्या एसटीनं.

पार्बता